घुईखेडकर रोज पडतात

आमच्या जठारपेठेत दत्तोपंत घुईखेडकर रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास विमानातून पडत. धाडकन आवाज होई, भिंतीवरचं आमचं कॅलेंडर हलत राही आणि आमची ही कणीक भिजवायला घेई. सुरुवातीला लोक धावून जायचे. "काय झालं, कोण पडलं?" म्हणत दारात गर्दी व्हायची. पुढे पुढे कुणी मान वर करेना. उलट एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर लोक चौकशी करत, "घुईखेडकर गावाला गेलेत का?"

विमान म्हणजे खरं विमान नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमच्या मनात त्यांच्याविषयी उगाच आदर निर्माण व्हायचा. ते लाकडी खोकं होतं. चहाच्या पेट्यांच्या फळ्या, सायकलचे भाग, एका जुन्या बैलगाडीचा आस, असं मिळेल ते घालून बनवलेलं. आत एक खुर्ची, खुर्चीपुढे एक दांडा, दांड्यापुढे घड्याळासारख्या चार तबकड्या. खोक्याखाली चार बाजूंना चामड्याचे चार भाते. एका पंख्यातून या भात्यांत हवा जायची. आतल्या माणसाने दांडा उजवीकडे नेला की एका भात्यातली हवा कमी होई, समोरच्यातली वाढे आणि खोकं उजवीकडे झुके. वरून ताडपत्रीचा पडदा ओढला की आतल्याला बाहेरचं काही दिसत नसे. ढगात सापडल्यासारखं नुसत्या तबकड्या बघून चालवायचं. भात्यातली हवा गेली किंवा दांडा चुकला की खोकं नाकावर आपटायचं. यालाच घुईखेडकर 'पडणं' म्हणत.

हे सगळं दोन खोल्यांच्या घरात, बैठकीच्या खोलीत. त्यामुळे पाहुणे आले की त्यांना स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसवत. एकदा व्याही आले होते. ते बिचारे फोडणीच्या धुरात डोळे पुसत बसले. घुईखेडकर मात्र पुढच्या खोलीत पडत होते.

लढाईच्या काळात घुईखेडकर पंजाबातल्या कुठल्याशा विमानतळावर मेकॅनिक होते. तिथे नव्या वैमानिकांना शिकवायला असली खोटी विमानं असत. त्यांची दुरुस्ती घुईखेडकरांकडे होती. लढाई संपली, हे अकोल्याला परत आले, एका कापसाच्या जिनात फिटर म्हणून लागले. माणसानं यावर समाधान मानायला काय हरकत होती? पण नाही. यांनी घरात विमान मांडलं.

मी एकदा त्यांना विचारलं, "तुम्ही खऱ्या विमानात किती वेळा बसलात हो?"

"एकदा बी नाई."

"का?"

"चक्कर येते."

आता बोला.

बरं, ते उडवणं हा त्यांचा छंद होता असंही नाही. छंद होता तो बिघाड शोधण्याचा. मशीन नीट चालायला लागलं की ते बेचैन व्हायचे. तंबाखू मळत खोक्याभोवती प्रदक्षिणा घालायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "काही तरी होऊन राह्यलं अंदर." मग पाना घेऊन आत शिरत आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तिथे खरोखरच काही तरी होत असे.

त्यांचं एक तत्त्व होतं. "एका वक्ताले एकच गोष्ट बदला लागते, मास्तर. दोन गोष्टी बदलल्या का चोर पयाला." हे मला, शाळेत गणित आणि शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला, ते दर आठवड्याला समजावून सांगत. दुसरं तत्त्व याहून उद्धट होतं. "मशीन खोटं बोलत नाई. खोटं बोलते थो माणूस."

पहिले काही महिने मशीनला सुस्तीचा रोग होता. दांडा उजवीकडे नेला की खोकं लगेच झुकायचंच नाही. सरकारी कचेरीत अर्ज केल्यासारखं ते यथावकाश झुकायचं, आणि तोवर घुईखेडकरांनी घाबरून दांडा डावीकडे नेलेला असायचा. मग ते दोन्ही अर्ज एकदम मंजूर करायचं. घुईखेडकरांनी एकेक नळी काढली, फुंकली, परत लावली. दोन महिन्यांनी एका नळीत यमुनावहिनींच्या शिवणाच्या कापसाचा बोळा सापडला. तो तिथे कसा गेला हे वहिनींनी कधीच सांगितलं नाही.

यमुनावहिनी म्हणजे त्यांची बायको. अंगाने किरकोळ, दम्याने त्रासलेली, पण जिभेला दमा नव्हता. मशीनला त्या 'सवत' म्हणायच्या. "भावजी, मायी सवत पाह्यली का? दिवसभर लोळते अन् याहिले पाह्यलं का फुगते." घुईखेडकर घरी आले की आधी मशीनपाशी जायचे, मग वहिनींपाशी, हे खरंच होतं. त्यात मला वहिनींविषयी पूर्ण सहानुभूती होती.

सुस्ती गेली, तर थरथर आली. संध्याकाळी डावीकडे वळताना खोकं हिवताप झाल्यासारखं कापायचं. सकाळी कापायचं नाही, संध्याकाळीच. घुईखेडकरांनी भाते बदलले, एका वेळी एकच. पंख्याचं बेअरिंग बदललं. मग एके दिवशी ते वही आणि घड्याळ घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीसमोर जाऊन बसले. गिरणी केव्हा सुरू होते, केव्हा बंद, ते लिहीत राहिले. गिरणीवाल्याला वाटलं हा कुठल्या तरी खात्याचा साहेब. दोन दिवस त्याने बायाबापड्यांना चोख मापाने पीठ दिलं. शेवटी निष्कर्ष निघाला तो असा की गिरणी सुरू झाली की आळीतली वीज मंद होते, पंख्याची हवा कमी पडते आणि म्हणून घुईखेडकर कापतात. एवढं शोधून काढायला त्यांना पावसाळा आणि अर्धा हिवाळा लागला. अख्खी आळी हसली. मी सर्वांत जास्त हसलो, कारण मला त्यातलं शास्त्र कळलं होतं.

वीज गेली तर काय करायचं म्हणून मग त्यांनी एका लोहाराकडून मोठा भाता आणून खोक्यामागे बसवला. पायाने दाबायचा. भात्याच्या कामात त्यांचे गुरू म्हणजे रहीमभाई. टिळक रोडच्या एका बोळात रहीमभाईंचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. म्हातारे, एक पाय अधू, डोळे मिचमिचे. हार्मोनियमच्या भात्यांना चामडं लावावं तर त्यांनीच. विमान आणि पेटी यांचं नातं काय हे मला कधी उमगलं नाही, पण ते दोघे तासन्‌तास सरस आणि चामडं यावर बोलत. "हवा को आँख से नहीं देखते, कान से देखते हैं," असं रहीमभाई म्हणायचे आणि घुईखेडकर मंत्र ऐकल्यासारखी मान डोलवायचे.

मी एकदाच त्या खोक्यात बसलो. सणाचा दिवस होता, आग्रह झाला. पडदा ओढला गेला. मी दांडा धरला. पुढचं नीट आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा माझी टोपी खोक्यात होती आणि कपाळावर टेंगूळ होतं.

"तुमचं मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

घुईखेडकर आत बसले, पडदा ओढून पाच मिनिटं छान डुलले, बाहेर आले. शांतपणे म्हणाले, "मशीन ठीक हाये, मास्तर. बिघाड तुमच्यात हाये."

हे आळीतल्या दहा माणसांसमोर. तेव्हापासून मी त्यांच्या विमानाची टिंगल अधिक मन लावून करू लागलो, हे कबूल करतो. शिक्षकांच्या खोलीत माझा तो ठरलेला विषय होता. मी घुईखेडकरांचा आवाज काढायचो, पडण्याची नक्कल करायचो. खुर्चीवरून पडून दाखवायचो सुद्धा.

अशात अमरावतीहून एक पत्र आलं.

घुईखेडकर बरीच वर्षं कॉलेजांना पत्रं लिहीत होते. आमच्याकडे असं असं यंत्र आहे, तुमच्या मुलांना विमानाचे प्राथमिक धडे त्यावर देता येतील, वगैरे. कुणी उत्तर देत नसे, आणि त्यात कुणाचं काही चुकत होतं असं मला वाटत नसे. पण या खेपेला एका प्राध्यापकांनी उत्तर दिलं. रविवारी येऊन पाहतो, पसंत पडलं तर यंत्र कॉलेजात नेऊ आणि ते सांभाळायला, शिकवायला तुम्हालाही घेऊ, असं त्यात होतं.

घुईखेडकरांनी ते पत्र आळीत कुणाला दाखवलं नाही. वहिनींनी सगळ्यांना दाखवलं. "न्या म्हना बाप्पा एकदाची. मी इथी खुर्च्या मांडीन. मानसावानी पाहुणे बसवीन."

पण मला दिसत होतं. घुईखेडकर त्या आठवड्यात एकदाही पडले नाहीत. जिनातून आले की हातपाय धुऊन मशीनसमोर नुसते बसायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तर, कॉलेजात शिकवनाऱ्याले पोरं काय म्हनतात?"

"सर म्हणतात."

"सर," त्यांनी हळूच म्हणून पाहिलं. मला हसू आवरेना. चाळिशी ओलांडलेला फिटर, नखात ग्रीस, आणि सर!

रविवारी सकाळी प्राध्यापक आले. बडनेऱ्याला गाडी बदलून आलेले, मिशा पिळलेल्या, बूट चकचकीत. मी शेजारी आणि शास्त्राचा शिक्षक म्हणून हजर होतो. खरं तर मजा बघायला. रहीमभाई खोक्यामागे स्टुलावर बसले होते. वहिनींनी पोहे केले होते आणि त्या आतल्या दारात उभ्या होत्या.

घुईखेडकर आत बसले. पडदा ओढला. पंखा सुरू झाला.

सांगायला मला आनंद होत नाही, पण मशीन सुरेख चाललं. प्राध्यापक कागद हातात घेऊन बाहेरून सूचना देत. "डावीकडे वळा. आता सरळ. आता वर घ्या." खोकं सांगितल्याबरोबर झुकत होतं, सांगितल्याबरोबर सरळ होत होतं. प्राध्यापकांनी मान हलवली. माझ्याकडे बघून म्हणाले, "कमाल आहे हो या माणसाची." मी पोह्यांचा घास घेतला.

आणि वीज गेली.

पंखा घरघरत थांबला. खोकं एका अंगाला कलंडायला लागलं. रहीमभाई उठायला गेले, पण लोहाराचा तो भाता दाबायला दोन धड पाय हवेत. ते पुन्हा स्टुलावर बसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उठू शकलो असतो. माझे दोन्ही पाय शाबूत होते. पण अंगावर धुतलेलं, इस्त्रीचं धोतर होतं आणि हातात पोह्यांची बशी.

वहिनी दारातून पुढे आल्या. पदर खोचला. रहीमभाईंना म्हणाल्या, "कुठी पाय ठेवाचा ते सांगा." आणि त्या चढल्या भात्यावर. वर्षानुवर्षं जिला सवत म्हटलं, तिला हवा द्यायला.

खोकं उचललं गेलं. डुललं. सरळ झालं. प्राध्यापकांना तर हे फारच आवडलं. "वा! वीज नसतानाही चालतंय! चालू द्या, चालू द्या. आपण सगळं करून पाहू. शेवटी उतरवून दाखवा." ते पुन्हा सूचना द्यायला लागले. डावीकडे. सरळ. उजवीकडे. वहिनींचे पाय खालीवर होत होते. पहिली दोन मिनिटं झपाझप, मग संथ. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओठ निळसर पडले होते. मला वाटलं, या आता थांबतील. त्या थांबल्या नाहीत. खोकं घरातून जावं म्हणून बाई एवढी जिवावर उदार झाली, असं मनात येऊन मला गंमत वाटली.

"आता सरळ ठेवा," प्राध्यापक म्हणाले, "आणि हळूहळू खाली घ्या."

खोकं सरळ होतं. अगदी स्थिर होतं. आणि एकाएकी त्याने नाक खाली घातलं आणि असं आपटलं की चहाची कपबशी जमिनीवर गेली.

पडदा बाजूला झाला. घुईखेडकर बाहेर आले. त्यांनी वहिनींकडे पाहिलं नाही. प्राध्यापकांसमोर हात जोडून म्हणाले, "भाता फाटला, साहेब. या मशीनचा काही भरवसा नाई."

प्राध्यापकांनी बुटावरचा चहा पुसला. "छंद म्हणून ठीक आहे," म्हणाले. "पण मुलांच्या जिवाशी खेळ नको." आणि दुपारच्या गाडीने गेले.

मी हसलो. दार ओलांडेपर्यंत थांबलो एवढंच. सोमवारी शाळेत तो किस्सा मी तीनदा सांगितला, एकदा मुख्याध्यापकांच्या आग्रहावरून.

वहिनी त्या दिवसापासून अंथरुणाला खिळल्या. दम्याने जोर केला होता. डॉक्टर रोज येऊन जात होते.

शनिवारी मी आमच्या मुलीची पेटी घेऊन रहीमभाईंकडे गेलो. त्यांच्यासमोर घुईखेडकरांचा एक भाता पडला होता. चामड्याला वीतभर चीर होती आणि ते त्यावर ठिगळ बसवत होते.

"हाच का तो फाटलेला?" मी हसत विचारलं. "ह्यानंच सरांची नोकरी घालवली म्हणायची."

रहीमभाईंनी भाता माझ्यापुढे सरकवला. "मास्टरसाब, आप तो पढ़े-लिखे हो. ये चीर देखो."

मी पाहिली. सरळ, पट्टी लावून आखल्यासारखी. दोन्ही कडा स्वच्छ.

"चमड़ा फटता है तो ऐसा फटता है?" ते म्हणाले. "इतवार को गिरने के बाद चारों भाते मैंने हाथ फेर के देखे थे. साबुत थे. सोमवार को ये लेके आया. बोला, चूहे ने काटा. मैंने कहा, भाई, तेरा चूहा चाकू रखता है क्या?"

"म्हणजे?"

"अंदर परदा था. उसको कुछ दिखता नहीं था. लेकिन हवा तो आती थी. बीबीजी की साँस टूटने लगी तो हवा भी टूट टूट के आने लगी. उसने सुन लिया." त्यांनी सरसाची काडी बुडवली. "मैं पीछे ही बैठा था, मास्टरसाब, कान से देखा. डंडा उसने खुद दबाया. पूरा."

"मग थांबा म्हणायचं होतं!"

"बीबीजी रुकती?"

मी भाता त्यांच्याकडे परत सरकवला.

"और रुकती," रहीमभाई म्हणाले, "तो उमर भर बोलती, मेरी वजह से गया."

ठिगळ वाळलं तेव्हा ते म्हणाले, "आपके बाजू में ही तो है. पहुँचा देना."

मी भाता घेऊन घुईखेडकरांकडे गेलो. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. घुईखेडकर कोपऱ्यात काही तरी पुसत होते. माझ्या हातातला भाता बघून त्यांचा हात थांबला.

"आना इकडं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी भाता मांडीवर घेतला, ठिगळाच्या कडेकडेने बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. "मले वाटलं मायाच पाय ढिले पडले, भावजी. त्या राती जेवन गोड लागलं नाई. हे म्हनतात, तसं नाई, भाता फाटला. मी म्हटलं, दाखवा. तं यायनं आनून दाखवला." त्या दम घ्यायला थांबल्या. "पन याहिचं काय खरं? याहिले मशीनचं समजते, मायं समजते का? तुमी शास्तर शिकवता. तुमी सांगा. एवढ्या फाटीनं ते पडते का?"

घुईखेडकरांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आता मनात आणलं असतं तर मी त्याचे सगळे हिशेब चुकते करू शकलो असतो.

"एवढी?" मी म्हणालो. "वहिनी, याच्या निम्म्या फाटीनंसुद्धा पडलं असतं. तुम्ही दाबत होता म्हणून तेवढं तरी चाललं."

"खरं?"

"शास्त्रच आहे ते."

त्यांनी भाता बाजूला ठेवला. चेहऱ्यावर थोडा रंग आल्यासारखा वाटला. "बसा," म्हणाल्या, "च्या ठेवतो," आणि उठायला लागल्या.

"तू बस," घुईखेडकर म्हणाले आणि स्वतः आत गेले. आत भांड्यांचा बराच आवाज झाला. काही तरी पडलं.

"आयकलं का," आतून त्यांचा आवाज आला. "साखर कुठी असते?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. हसताना खोकला आला, तरी हसत राहिल्या.

"वरच्या फळीवर," त्या म्हणाल्या. "पितळेच्या डब्यात. हळूच काढा."